ग्रीसमधल्या अक्षता

मला भांडायला सांगा, आत्ता पदर खोचून उभी राहते. आभार मानायला सांगितलं की मात्र माझी जीभ अडखळते. लग्नात, बारशात लोक कसे भराभर थँक्यू थँक्यू करत फिरतात, मला ते जमलं नाही. तरी एका माणसाचे आभार मानायचे राहून जाऊ नयेत असं फार वाटतं, आणि गंमत म्हणजे त्या माणसाशी माझं पाच मिनिटंसुद्धा धड पटायचं नाही.

तो आमचा गाडीचा मिस्त्री. दहिसरला, चेकनाक्याच्या अलीकडे, नदीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं आणि मागच्या खोलीत संसार. माणूस तोंडाळ, हेकट, आणि देवभोळा तर इतका, की नवं गिऱ्हाईक आलं तर आधी कॅलेंडरात वार बघायचा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोरिवलीला राहायचो. नवरा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई कुडाळकडच्या, मी मुलुंडची. माहेरी सगळे ऑफिसला जाणारे, हळू बोलणारे, देवाजवळसुद्धा पुटपुटणारे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तर सासूबाई मला झापतायत की माझे लाड करतायत हेच मला कळायचं नाही. मालवणीत दोन्ही एकाच चालीवर असतं.

आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत गाडी एकट्या आमच्याकडे होती. चौथ्या हातची, पण होती. नवऱ्यानं मला चालवायला शिकवली, कारण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना फार वेळ बसवत नसे. कुठे न्यायचं झालं तर मागच्या सीटवर गादी घालून आडवं करून न्यावं लागे. बस त्यांच्यासाठी संपली होती.

बोटीवर परत जायच्या आधी नवऱ्यानं एक पराक्रम केला. जोगेश्वरीला तबेल्यातल्या म्हशी रस्त्यात आल्या, यानं गाडी बाजूला घेतली ती थेट उघड्या गटाराच्या कठड्यावर. पुढचं डावं चाक धाडकन आपटलं. 'काय नाय झालं गं, उगाच बोंब मारू नकोस,' म्हणाला आणि बॅग उचलून गेला समुद्रावर. गाडी मात्र त्या दिवसापासून डावीकडे ओढायला लागली. स्टेअरिंग धरून धरून माझे खांदे भरून यायचे.

नेली मिस्त्रीकडे. त्यानं चाक उतरवलं, आत हात घालून चाचपलं आणि मान हलवली.

"वयनी, स्टब वाकलो."

स्टब म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर बसतं आणि स्टेअरिंग फिरवलं की ज्याच्यासकट वळतं तो लोखंडी तुकडा. हाताला मनगट असतं तसा. मी म्हटलं, मग ठोकून सरळ करा ना, त्यात काय एवढं! मिस्त्रीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या देवाला शिवी दिली.

"ठोकून लावलंय, आणि घाटात तुटलो तर? चाक पुढे जाताला आणि तुमी मागे रवतल्यात. नवीनच घालूक व्हयो."

नवीन मिळेना. कुर्ल्याला सांगून ठेवलं होतं म्हणे. मी रोज भाजी आणायला निघाले की वाकडी वाट करून जायची आणि भांडून यायची. गाडी विटांवर चढवलेली, एक चाक नाही, आणि मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीखालून नुसते पाय दाखवत 'उद्या येताला, उद्या येताला' करतोय. नवरात्र बसलं तरी त्याचा उद्या काही उजाडला नाही. शेवटी अष्टमीला स्टब आला. मी म्हटलं, लावा आता. तर म्हणे, आता दसरो होवंदे. मी म्हटलं बरं. घाई कुठे होती?

घाई नवमीला दुपारी तार घेऊन आली. सासूबाईंची थोरली बहीण, गावाला असायची, ती अत्यवस्थ आहे, लगेच निघा.

ही ताई म्हणजे सासूबाईंची आईच. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा हिनंच सासूबाईंना न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, फटके दिले, आणि लग्नात पाठवणीही हिनंच केली. सासूबाईंच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी 'ताई म्हणता' यायचंच. ऑपरेशन झाल्यापासून त्यांची भेट झाली नव्हती. मी तार वाचून दाखवली. सासूबाई रडल्या नाहीत. काठी शोधायला लागल्या.

"माका ताईक बगूचा आसा," एवढंच म्हणाल्या.

वाट लागली होती आमची. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. एसटी सणाची भरलेली, आणि रिकामी असती तरी त्या बसू शकत नव्हत्या. टॅक्सीवाल्यांना विचारलं, तर दसऱ्याच्या दिवशी घर सोडून एवढ्या लांब यायला कुणी तयार होईना. उरली आमची गाडी. ती विटांवर. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही थांबा, मी मिस्त्रीला गाठते. ऐकतायत कसल्या! काठी टेकत माझ्या आधी जिना उतरल्या. रिक्षात वाकड्या होऊन, दात आवळून दहिसरपर्यंत आल्या.

गॅरेजमध्ये पाय ठेवला आणि बघते तर काय! खंडेनवमी! माझ्या ध्यानातच नव्हतं. बाकड्यावर लाल कापड घालून सगळी हत्यारं मांडलेली. पाने, हातोड्या, जॅक, पकडी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पुढे नारळ आणि उदबत्त्या. आणि बरोब्बर मधोमध, देवीच्या जागी म्हणावा असा, आमचा नवाकोरा स्टब. त्याच्या गळ्यात सगळ्यांत जाड माळ.

मी तार दाखवली, सगळं सांगितलं. मिस्त्रीनं दोन्ही हात छातीशी घेतले.

"नाय वयनी. पूजा झाली. आता हत्यार उचलूक जमाचा नाय. उद्या उत्तरपूजा झाली काय पयली तुमची गाडी."

"अहो, उद्यापर्यंत त्या राहतील की नाही कोण सांगणार?" मी ओरडलेच. "माणूस मोठा की पाना मोठा?"

"पान्यार माझा पोट आसा वयनी! वरसातसून एक दीस तो इसावता."

माझं डोकं सणकलं. मी अजून बरंच बोलले असते. दुसऱ्या गॅरेजमध्ये जाते म्हणाले असते, पण कुठे जाणार? सगळ्याच गॅरेजांत आज झेंडू. तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि त्या मिस्त्रीसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, विनवणी केली नाही. साध्या आवाजात विचारलं, "झिला, तू गाऱ्हाणां घालतंस मां रे?"

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं, सगळ्यांसमोर घातलेलं साकडं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी हुंकार भरायचा. कोकणात त्याशिवाय पान हलत नाही. आमच्याकडे मुलुंडला देवाशी असं कुणी बोलत नसे.

मिस्त्रीनं बाकड्यावरच्या नारळाकडे बघितलं. मग म्हणाला, "घालतंय."

"मगे इचार म्हाराजाक. नाय म्हणालो तर मी घराक जातंय."

आता देव नाही कसा म्हणणार होता ते मला कळेना, पण मी तोंड मिटून घेतलं. मिस्त्रीनं हात धुतले, डोक्यावर टॉवेल घेतला, बाकड्यावरचा नारळ हातात घेऊन डोळे मिटले. मागच्या खोलीतून त्याची बायको पदर सावरत आली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाई आणि मिस्त्रीण एका सुरात. मला सासूबाईंनी कोपरानं ढोसलं. मीही म्हटलं.

"ही म्हातारी आज तुझ्या दारात इली हा. तिची भयण थंय खाटेर पडली हा. तिका भयणीक बगूचा आसा."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान मी तुझ्या पूजेतली हत्यारां उचलतंय. ह्येच्यात काय चुकला माकला, तर तो दोष माझ्या माथ्यार घाल. ह्यांच्या गाडयेर घालू नको रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" सासूबाई कडाडल्या.

मिस्त्रीनं एक डोळा उघडला. "आये, गाऱ्हाण्याच्या मदी बोलाचा नसता."

"मगे तू नीट बोल. गरज माझी, आणि दोष तुझ्या माथ्यार कित्या? माझ्या माथ्यार घाल म्हणान सांग."

"तुमी म्हातारी माणसां. तुमच्या माथ्यार घालून मी खंय फेडू?"

"माझा मी बगतंय!"

झालं! देवाला ताटकळत ठेवून दोघं दोषासाठी भांडायला लागली. मी जन्मभर बघत आले, दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला माणसं भांडतात. इथे जो तो आपल्याकडे ओढत होता. त्यात मिस्त्रीण म्हणाली, पूजा मी मांडली, तर थोडा माझ्यावरही घाला. आणि मग मला राहवलं नाही. माझा कशावर विश्वास आहे नि कशावर नाही हे मला आजही धड सांगता येणार नाही, पण मी म्हणाले, "आणि गाडी मी चालवणार आहे, तर माझ्यावरही."

मिस्त्रीनं पुन्हा डोळे मिटले. प्रसाद वाटावा तसा त्यानं तो दोष चौघांत सारखा वाटला, आणि आम्ही चौघांनी आपापल्या वाट्याला "व्हय म्हाराजा" म्हटलं. नारळ फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं.

"आये, पयलो पानो तुमी उचला," मिस्त्री म्हणाला. सासूबाईंनी माळ बाजूला करून पाना उचलला, कपाळाला लावला आणि त्याच्या हातात दिला.

एकदा हात लागल्यावर मात्र तो माणूस सुटला. जुना स्टब काढताना घणाचे घाव घालत होता आणि प्रत्येक घावाला माझ्या नवऱ्याचा उद्धार करत होता. मला फार बरं वाटलं. वाकडा तुकडा निघाला, नवा जागेवर बसला, नट आवळले गेले. आता बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, चाक चढवायचं, झालं. त्यानं ग्रीसचा डबा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

डब्यात ग्रीस थोडंसंच, तळाशी. त्याच्यावर कुंकवाचं बोट ओढलेलं आणि अक्षतांची अख्खी मूठ. नुसती पसरलेली नव्हे, दाबून बसवलेली.

"अगो, ग्रिसात तांदूळ?"

"तुमीच सांगलात, सगळ्यार घाल म्हणान," मिस्त्रीण म्हणाली.

"अगो पण बेअरिंगात तांदूळ गेले तर चाक फिराक लागल्यार पीठ पडात!"

अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये होणं शक्य नाही, याबद्दल माझी पैज आहे. मी हसायला लागले आणि हसता हसता रडकुंडीला आले, कारण ग्रीस दुसरं नव्हतं. मिस्त्री सायकल घेऊन नाक्यापर्यंत जाऊन आला. पार्टच्या दुकानवाल्यांनीही पूजा करून शटर ओढलं होतं. ऊन उतरायला लागलं होतं. ताई तिकडे खाटेवर, आणि आम्ही इथे मूठभर तांदळांपायी अडकलेले.

"हाड हय तो डबो," सासूबाई हात पुढे करून म्हणाल्या. "तांदूळ निवडूक माका शिकवतंस?"

मिस्त्रिणीनं जेवायचं ताट आणलं. सासूबाई स्टुलावर दुखरा पाय लांब करून बसल्या, ताट मांडीवर घेतलं आणि त्यात ग्रीस पसरून एकेक अक्षत चिमटीत पकडून काढायला लागल्या. नजर तीच, मान कलती तीच, स्वयंपाकघरात असायची तशी. फक्त हात कोपरापर्यंत काळे. "आयुष्यभर तांदळातले खडे काढलंय," म्हणाल्या, "आज ग्रिसातले तांदूळ." मीही बसले मदतीला, तर माझ्या हातावर चापट. "तुका दिसाचे नाय. तू गाडयेत बस." त्यांनी निवडलेलं ग्रीस मिस्त्री बोटांत चोळून चोळून बघायचा आणि मगच रॉकेलनं धुतलेल्या बेअरिंगमध्ये भरायचा. दोन-तीनदा त्यानं राहिलेला दाणा काढून दाखवला. सासूबाई चिडल्या, पण पुन्हा निवडलं.

दिवेलागणीला गाडी चार चाकांवर उभी राहिली. मिस्त्री मला शेजारी बसवून नाक्यापर्यंत घेऊन गेला आणि स्टेअरिंगवरचे हात सोडले. गाडी सरळ गेली. "बगा वयनी, सुतात जाता," म्हणाला. मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझी जीभ बघा. मी म्हणाले, "हे अष्टमीलाच केलं असतं तर?"

दसऱ्याला पहाटे चाकाखाली लिंबू ठेवून निघालो. एवढा लांबचा रस्ता मी कधी चालवला नव्हता. कशेडीच्या घाटात समोरून ट्रक आले की माझा सगळा जीव त्या डाव्या चाकात जाऊन बसायचा. गाडी वळायची, चाक मुकाट्यानं वळायचं. आणि प्रत्येक वळणाला मागच्या सीटवरून, गादीवर आडव्या पडलेल्या सासूबाईंचा आवाज यायचा, "व्हय म्हाराजा." मला एरवी त्याची चीड आली असती. त्या दिवशी तो आवाज आला नाही तर मी वळून बघायची.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. माणसं सोनं लुटून परतत होती. घरापुढच्या खळ्यात एवढी माणसं जमलेली, की आपल्याला उशीर झाला असंच मला वाटलं. पण ताई होत्या. दोन दिवस बोलल्या नाहीत, डोळे उघडत नाहीत, असं तिथल्या भाच्यानं सांगितलं. सासूबाईंना धरून खाटेजवळ नेलं. वाटेत कुणीतरी हातात दिलेलं आपट्याचं पान त्यांनी ताईंच्या मुठीत ठेवलं आणि त्या मुठीवर आपला हात.

"ताई. मी इलंय गो."

सासूबाईंनी ती मूठ हलकेच दाबली. मग ताईंचे डोळे अर्धवट उघडले. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे गेले. साबणानं, रॉकेलनं धुऊनही सासूबाईंच्या बोटांच्या पेरांत आणि नखांत ते काळं ग्रीस तसंच होतं. ताईंच्या कपाळाला आठी पडली.

"हात बग गो तुझे," त्या म्हणाल्या. आवाज नुसता वारा, पण शब्द स्पष्ट. "धुवन ये आधी."

खोलीतली सगळी हसली आणि लगेच रडायलाही लागली. सासूबाई लगबगीनं उठल्या. काठीसुद्धा विसरल्या, मी धावत जाऊन धरलं. मागच्या दारी दगडावर बसून राख आणि नारळाच्या सोडणानं घसघसा हात घासायला लागल्या. मी पाणी घालत होते. सत्तरीला आलेली बाई ती, तोंडावरून पाणी वाहतंय आणि हसतेय.

"बगलंस? अजून माका ओरडता!"

हात फार काही निघाले नाहीत. तसेच घेऊन गेल्या आणि लहान मुलीसारखे उलटसुलट करून ताईंसमोर धरले. ताईंनी ते पाहिले की नाही ठाऊक नाही, त्यांचे डोळे पुन्हा मिटले होते. कोजागिरीपर्यंत त्या होत्या. पण बोलल्या नाहीत. शेवटचं बोलणं तेवढंच.

कार्य आटपून परतताना गाडी मी आधी दहिसरला नेली. सासूबाईंनीच सांगितलं तसं. गॅरेजमध्ये मिस्त्री कुणाच्यातरी गाडीखाली होता. बाहेर आला, आमचे चेहरे बघून समजला. सासूबाईंनी त्याच्या हातावर वाळलेलं आपट्याचं पान ठेवलं. मी पुढे झाले, वाटेत जमवून ठेवलेली वाक्यं बोलायला, पण जीभ नेहमीसारखी अडखळली. तो म्हणाला, "रवांदे वयनी. गाडी खंय वडत नाय मां?" मी मान हलवली.

मग त्याचं लक्ष सासूबाईंच्या हाताकडे गेलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून ती काळी रेघ होती.

"आये, ह्यां अजून नाय गेला? थांबा, रॉकेल हाडतंय. लिंबू लावन पुसलास काय साफ जाताला."

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

"नको रे. ताईन ओरडलेले हात हत ते."

डोक्यावरचा टॉवेल मिस्त्रीनं काढून खांद्यावर टाकला आणि हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."